सेशनमधले ऑब्जेक्ट आणि न टिकणारे बदल : प्रकल्प नोंदी

४ जून

अर्ज भरण्याच्या प्रणालीच्या देखभालीचे काम आजपासून सुरू केले. प्रणाली पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ८.२ आवृत्तीवर चालते. अर्ज पाच टप्प्यांचा असून शेवटच्या पानावर ‘सादर करा’ हे बटण दाबेपर्यंत मुख्य टेबलांत काहीच लिहिले जात नाही. तोपर्यंत भरलेली सर्व माहिती ‘अर्ज’ नावाच्या क्लासच्या एका ऑब्जेक्टमध्ये राहते (ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावर चालणारी फंक्शन, म्हणजे मेथड, यांचा एकत्र संच; क्लास हा त्याचा आराखडा) आणि तो ऑब्जेक्ट सेशनच्या, म्हणजे एका वापरकर्त्याची माहिती दोन रिक्वेस्टच्या मध्ये सर्व्हरवर जपणाऱ्या साठ्याच्या, आधारे एका पानावरून दुसऱ्या पानावर पोहोचतो. तक्रार अशी आहे, की तिसऱ्या टप्प्यावर निवडलेला विषय पुढे बरोबर दिसतो, मात्र मागे येऊन तो बदलला, तर बदल कधी टिकतो आणि कधी जुनाच विषय पुन्हा समोर येतो.

तक्रारीत ‘कधी कधी’ आले, की पहिला संशय ब्राउझरच्या कॅशवर जातो. कॅश पूर्ण बंद करून पाहिली. फरक पडला नाही. मग दोन्ही वाटा सावकाश चालून पाहिल्यावर स्पष्ट झाले, की यात योगायोगाचा भाग काहीच नाही. ‘मागे’ या बटणाने परत येऊन केलेला बदल दर वेळी टिकतो आणि सारांशाच्या पानावरील ‘दुरुस्त करा’ या दुव्यावरून येऊन केलेला बदल दर वेळी हरवतो. दोन वाटांचा कोड दोन वेगवेगळ्या फाइलींत आहे. उद्या तिथून सुरुवात करायची.

५ जून

दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या फाइलीत ऑब्जेक्ट थेट सेशनच्या ॲरेत ठेवला आहे. दुसऱ्या फाइलीत तो आधी सीरियलाइझ या, मूल्याचा साठवण्याजोगा मजकूर करणाऱ्या, फंक्शनमधून काढून, तयार झालेली स्ट्रिंग (मजकूर) सेशनमध्ये ठेवली आहे आणि पुढच्या पानावर अनसीरियलाइझ करून, म्हणजे उलगडून, परत घेतली आहे. कोड वाचताना दोन्ही रीती सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ अगदी निराळा आहे, आणि तक्रारीचे मूळ नेमके या फरकात आहे.

पीएचपीमध्ये ऑब्जेक्ट सेशनच्या ॲरेत ठेवला, म्हणजे त्या क्षणी त्याची प्रत निघत नाही. ॲरेत आणि आपल्या व्हेरिएबलमध्ये एकाच ऑब्जेक्टचा हवाला असतो. सेशन कुठेही लिहिले जाते ते रिक्वेस्टच्या शेवटी, किंवा सेशन बंद करणारे फंक्शन कोडने स्वतः बोलावले, तर त्या वेळी. आणि लिहिताना पीएचपी स्वतःच सर्व मूल्ये सीरियलाइझ करते. त्यामुळे ॲरेत ठेवल्यानंतरच्या ओळींमध्ये ऑब्जेक्टवर केलेले बदलही आपोआप जतन होतात. याउलट सीरियलाइझ फंक्शन हातानेच बोलावले, तर ऑब्जेक्टची त्या ओळीवर जी स्थिती असेल, ती स्ट्रिंगमध्ये गोठते, आणि त्यानंतर मूळ ऑब्जेक्टवर काहीही केले तरी त्या स्ट्रिंगला त्याचा पत्ता नसतो.

दुसऱ्या फाइलीत क्रम असा आहे: अर्ज सेशनमधून काढणे, फॉर्ममधून आलेली मूल्ये तपासणे, अर्ज सीरियलाइझ करून सेशनमध्ये ठेवणे, आणि त्यानंतर ‘विषय बदला’ ही मेथड बोलावणे. शेवटची दोन वाक्ये उलट्या क्रमाने असती, तर हा दोष कुणाच्या ध्यानातही आला नसता. पान दाखवताना स्मृतीतला ताजा ऑब्जेक्ट वापरला जातो, म्हणून अर्जदाराला बदललेला विषय लगेच दिसतो. जुना विषय डोके वर काढतो तो पुढच्या रिक्वेस्टला. दोष एका पानावर आणि लक्षण दुसऱ्या पानावर, म्हणून तक्रार मुळापासून दूर नोंदवली गेली.

खात्रीसाठी सेशनची फाइल उघडली. पीएचपीच्या मूळ पद्धतीत प्रत्येक नोंद म्हणजे किल्लीचे नाव, एक उभी रेघ आणि त्यापुढे सीरियलाइझ केलेले मूल्य. पहिल्या रीतीने ठेवलेल्या अर्जाच्या नोंदीत उभ्या रेघेनंतर लगेच ऑब्जेक्ट दर्शवणारे ‘ओ’ हे अक्षर येते. दुसऱ्या रीतीच्या नोंदीत तिथे स्ट्रिंग दर्शवणारे ‘एस’ येते, त्यापुढे सबंध मजकुराची लांबी, आणि अवतरणचिन्हांच्या आत तो ‘ओ’ने सुरू होणारा मजकूर. म्हणजे एकच गोष्ट दोनदा बांधली गेली आहे. याने बिघडत काही नाही, पण उपयोगही काही नाही, कारण बाहेरचे बांधण्याचे काम पीएचपी करणारच असते.

फाइल वाचताना आणखी एक गोष्ट टिपून ठेवतो. या मजकुरातील लांबी बाइटमध्ये मोजलेली असते. ‘गणित’ हा विषय वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये त्याची चार चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने फाइलीत त्यापुढे १२ हा आकडा येतो. चाचणीच्या सर्व्हरवर एका सहकाऱ्याने फाइलीतच ‘गणित’ खोडून ‘भूगोल’ लिहून पाहिले. भ, दीर्घ ऊकार, ग, ओकार आणि ल मिळून चिन्हे पाच, बाइट १५, आणि आकडा मात्र १२ च. पुढच्या रिक्वेस्टला सेशन ऑब्जेक्ट उलगडता आला नाही आणि सेशन नष्ट केले, अशा अर्थाची वॉर्निंग लॉगमध्ये आली. नष्ट झाले ते सबंध सेशन, त्यामुळे लॉगिनही गेले. एका किल्लीतील तीन बाइटांच्या फरकाने सगळीच नोंद जाते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

६ जून

हाताने केलेले सीरियलाइझ आणि अनसीरियलाइझ सर्व ठिकाणांहून काढून टाकले आणि ऑब्जेक्ट थेट सेशनमध्ये ठेवला. मूळ तक्रार मिटली. दुपारी मदतीच्या पानावर नवी एरर आली: अपूर्ण ऑब्जेक्टवर मेथड बोलावण्याचा प्रयत्न झाला असून ‘अर्ज’ या क्लासची व्याख्या अनसीरियलाइझ होण्यापूर्वी लोड झालेली असावी, अशा आशयाची.

कारण सरळ आहे. सेशन सुरू करणाऱ्या ओळीवरच पीएचपी साठवलेली सर्व मूल्ये उलगडते. त्या क्षणी क्लास माहीत नसेल आणि तो शोधून आणणारा ऑटोलोडरही नोंदवलेला नसेल, तर ऑब्जेक्टच्या जागी पीएचपीचा ‘इन्कम्प्लीट क्लास’ येतो. मूळ क्लासचे नाव त्यात एका प्रॉपर्टीत (ऑब्जेक्टमधल्या नाव दिलेल्या मूल्यात) जपलेले असते, पण मेथड एकही नसते. मदतीच्या पानावर सेशन पहिल्या ओळीवर सुरू होते आणि ऑटोलोडर त्यानंतर नोंदवला जातो. जुन्या रीतीत तिथे नुसती स्ट्रिंग हाती येत असे आणि ती उलगडली जाई ऑटोलोडर आल्यानंतर, म्हणून हा क्रम आजवर कुणाला खुपला नाही. हाताने सीरियलाइझ करण्याची रीत मुळात याच एररवर उतारा म्हणून आली असावी, असा माझा अंदाज आहे. आजार एका पानाच्या क्रमात होता आणि औषध सगळ्या प्रणालीला पाजले गेले.

सेशन सुरू करण्याची ओळ आता एकाच समाईक फाइलीत आहे, आणि ऑटोलोडर तिच्या आधी. सेशन आपोआप सुरू करण्याची सेटिंग सर्व्हरवर बंद असल्याचेही तपासले, कारण ती चालू असेल तर आपल्या कोडची पहिली ओळ चालण्याआधीच सेशन उलगडले जाते.

एक दिलासा देणारी गोष्ट: क्लास माहीत नसलेल्या पानावरून सेशन नुसते जाऊन आले, तर माहिती बिघडत नाही. अपूर्ण ऑब्जेक्ट परत लिहिताना पीएचपी मूळ क्लासचेच नाव लिहिते. मात्र अशा ऑब्जेक्टसाठी ‘हा ऑब्जेक्ट आहे का’ या तपासणीचे उत्तर पीएचपी ७.२ पूर्वी ‘नाही’ असे येत असे आणि ७.२ पासून ‘होय’ असे येते. त्या तपासणीच्या भरवशावर लिहिलेल्या दोन अटी कोडमध्ये सापडल्या. त्या जागी आता क्लासचे नाव तपासले जाते.

९ जून

अर्जदार आणि संपर्क अशा दोन किल्ल्यांखाली ठेवलेल्या ऑब्जेक्टमध्ये पत्त्याचा ऑब्जेक्ट समाईक आहे. अर्जदाराचा पत्ता बदलला, की संपर्काचाही बदलावा, हे त्यातून अपेक्षित आहे. जुन्या रीतीत दोन्ही वेगवेगळे सीरियलाइझ होत, त्यामुळे पुढच्या पानावर पत्त्याच्या दोन सुट्या प्रती उभ्या राहत आणि तिथून पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होत. पीएचपी स्वतः सेशन लिहिते तेव्हा आधी येऊन गेलेल्या ऑब्जेक्टच्या जागी फक्त त्याचा क्रमांक लिहिते, आणि हे एका किल्लीपासून दुसऱ्या किल्लीपर्यंतही लागू पडते. पत्ता आता एकच राहतो. या बदलाने पत्त्याची एक जुनी, वेगळी नोंदवलेली तक्रारही बंद करता आली.

११ जून

लॉगमध्ये अधूनमधून एक चमत्कारिक एरर दिसते: क्लोजर (निनावी फंक्शन) सीरियलाइझ करण्यास परवानगी नाही, फाइलचे नाव ‘कोणतीही सक्रिय फाइल नाही’, ओळ क्रमांक शून्य. पान अर्जदाराला पूर्ण दिसलेले असते. पुढच्या पानावर अर्ज मात्र धड मिळत नाही.

शून्य क्रमांकाची ओळ हीच यातली खूण आहे. सेशन लिहिले जाते ते स्क्रिप्ट संपल्यानंतर, तेव्हा कुठलीच फाइल चालू नसते, आणि म्हणून पीएचपीला बोट ठेवायला जागा नसते. अर्जाच्या तपासणीचे नियम निनावी फंक्शनच्या रूपात ऑब्जेक्टच्या एका प्रॉपर्टीत ठेवलेले आहेत, पण ते भरले जातात केवळ सवलतीचा पर्याय निवडला तर. तो पर्याय न निवडणाऱ्यांना ही एरर कधीच भेटत नाही. क्लोजरला जो नियम, तोच डेटाबेसच्या जोडणीला: पीडीओचा ऑब्जेक्टही सीरियलाइझ होत नाही. सिम्पल एक्सएमएलचेही तसेच.

दोन गोष्टी केल्या. पहिली, पान पाठवण्यापूर्वी सेशन बंद करणारे फंक्शन आता स्पष्टपणे बोलावले जाते. त्यामुळे असा काही अडथळा आला, तर एक्सेप्शन ठरलेल्या ओळीवर उठते, पकडता येते आणि लॉगमध्ये खरी फाइल व खरी ओळ मिळते. या फंक्शननंतर सेशनच्या ॲरेत काही लिहिले तर ते जतन होत नाही, हे समाईक फाइलीत टिप्पणी म्हणून नोंदवले आहे. दुसरी, अर्जाच्या क्लासला पीएचपी ७.४ पासून उपलब्ध असलेल्या ‘सीरियलाइझ’ आणि ‘अनसीरियलाइझ’ या जादुई (पीएचपी ठरलेल्या वेळी स्वतःहून बोलावते अशा) मेथड दिल्या, आणि नियमांची प्रॉपर्टी त्यांतून वगळली.

जुनी ‘स्लीप’ मेथड वापरावी असा एक आग्रह होता. ती फक्त प्रॉपर्टींच्या नावांची यादी परत करते, आणि पालक क्लासच्या प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासच्या कोडला वापरता येणाऱ्या) प्रॉपर्टी त्या यादीत देता येत नाहीत. आमचा अर्ज एका पायाभूत क्लासवरून घेतलेला असून अर्ज क्रमांक तिथेच प्रायव्हेट आहे. म्हणजे जी गोष्ट हरवून चालणारच नाही, तीच नेमकी बाहेर राहिली असती.

१२ जून

चाचण्या लिहिल्या. प्रत्येक टप्प्यानंतर ऑब्जेक्ट सीरियलाइझ करून, उलगडून, मूळ ऑब्जेक्टशी प्रॉपर्टीगणिक ताडून पाहणाऱ्या. आजच्यासाठी वेगळे काही नाही.

१६ जून

प्रणाली दोन सर्व्हरवर नेण्याचे ठरल्याने सेशन फाइलींऐवजी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात ठेवायला सुरुवात केली. सेशन हँडलरचा, म्हणजे सेशन वाचण्या-लिहिण्याचे काम पाहणारा, क्लास लिहिला, टेबलात मजकुरासाठी टेक्स्ट प्रकारचा कॉलम दिला. लॉगिन चालले, पसंतीच्या सेटिंग चालल्या, पण अर्ज एकदाही परत आला नाही. टेबलात पाहिले, तर मजकूर क्लासच्या नावानंतर काही अक्षरांवर तुटलेला.

सीरियलाइझ केलेला मजकूर दिसायला साधा असला, तरी तो बायनरी असतो. प्रायव्हेट प्रॉपर्टीचे नाव लिहिताना पीएचपी आधी शून्य बाइट, मग क्लासचे नाव, पुन्हा शून्य बाइट आणि मग प्रॉपर्टीचे नाव असे लिहिते. प्रोटेक्टेड प्रॉपर्टीसाठी क्लासच्या नावाच्या जागी तारका असते. हे बाइट पडद्यावर दिसत नाहीत, पण कुणी अक्षरे मोजून पाहिली, तर लिहिलेली लांबी दोनने जास्त भरते, ती यामुळेच. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलममध्ये शून्य बाइट ठेवता येत नाही, आणि आमच्या हँडलरच्या वाटेवर मजकूर त्या बाइटपाशी तुटत होता. अर्ज क्रमांक ही ऑब्जेक्टमधील पहिली प्रायव्हेट प्रॉपर्टी. तिथेच मजकूर संपला. लॉगिनच्या माहितीत नुसत्या संख्या आणि स्ट्रिंग असल्याने तिला काही झाले नाही.

कॉलम बाइटा (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) प्रकारचा केला आणि लिहिताना मूल्य बायनरी म्हणून बांधले. वाचताना पीडीओ अशा कॉलमसाठी स्ट्रिंगऐवजी स्ट्रीम देतो. हँडलरने तो पूर्ण वाचून स्ट्रिंग परत केली पाहिजे. एवढे केल्यावर अर्ज परत येऊ लागला.

१७ जून

नवी आवृत्ती चढवली आणि अर्ध्यावर असलेल्या अर्जदारांना एरर येऊ लागल्या. नव्या आवृत्तीत अर्जाला ‘माध्यम’ ही टाइप असलेली प्रॉपर्टी वाढवली आहे आणि ‘फॅक्स’ ही जुनी काढली आहे.

अनसीरियलाइझ होताना कन्स्ट्रक्टर चालत नाही, हे या सगळ्याचे मर्म. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘माध्यम’ला दिलेले सुरुवातीचे मूल्य जुन्या सेशनमधून आलेल्या ऑब्जेक्टला कधी मिळतच नाही, टाइप आहे पण व्याख्येत मूल्य नाही अशी प्रॉपर्टी अनारंभित राहते आणि वाचायला गेले, की एरर येते. टाइप नल (‘मूल्य नाही’) घेणारा असला तरी, व्याख्येत नल लिहिलेले नसेल, तर हेच घडते. गेल्या आठवड्यात लिहिलेल्या अनसीरियलाइझ मेथडमध्ये अशा रिकाम्या जागा भरायची सोय करता आली, आणि ‘फॅक्स’ तिथेच गाळता आली. पायाभूत क्लासवरून घेतलेल्या दुसऱ्या एका लहान ऑब्जेक्टला ती मेथड नाही. तिथे काढून टाकलेली प्रॉपर्टी डायनॅमिक (क्लासच्या व्याख्येत नसलेली) प्रॉपर्टी म्हणून परत आली आणि ८.२ च्या नियमानुसार डेप्रिकेशनची, म्हणजे ही रीत यापुढे वापरू नये अशी, सूचना लॉगमध्ये साचली.

चर्चेत असा मुद्दा निघाला, की सेशनचे आयुष्य मूळ सेटिंगनुसार १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे; तेवढे थांबले, की जुनी सेशन आपोआप जातील. हा हिशेब चुकीचा आहे. ती मुदत शेवटच्या वापरापासून मोजली जाते, शिवाय मुदत संपलेले सेशन लगेच पुसले जाते असेही नाही. सफाई मूळ सेटिंगमध्ये दर शंभर रिक्वेस्टमागे साधारण एकदा, तीही संभाव्यतेने होते. अर्ज भरत बसलेल्या माणसाचे सेशन दिवसभर जिवंत राहू शकते. क्लासचे नाव किंवा नेमस्पेस बदलायचे झाले, तर जुन्या नावाचे उपनाव कोडमध्ये काही काळ ठेवावेच लागेल.

२० जून

अर्ज भरताना पानाने मधूनमधून तो आपोआप जतन करण्याची नवी सोय चालू केल्यापासून पुन्हा बदल हरवतात. लक्षण ४ जूनच्या तक्रारीसारखे, पण या वेळी खरोखरच कधी कधी.

फाइलींवर आधारलेले सेशन सुरू होताच पीएचपी त्या फाइलीला कुलूप लावते आणि सेशन बंद होईपर्यंत त्याच सेशनची दुसरी रिक्वेस्ट थांबून राहते. आम्ही लिहिलेल्या हँडलरमध्ये असे कुलूप नव्हते, ते आपोआप येत नाही. आपोआप जतन करणारी रिक्वेस्ट आणि ‘पुढे’ बटणाची रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या, की दोघीही तोच जुना अर्ज उलगडतात, आपापला बदल करतात, आणि जी शेवटी लिहिते तिची प्रत राहते. इथे ऑब्जेक्टचा दोष नाही, पण ऑब्जेक्टमुळे नुकसान मोठे होते: विषय आणि पत्ता यांचा परस्परांशी संबंध नसतानाही ते एकाच अर्जात असल्याने एकाच्या मागे दुसराही जातो.

सेशन वाचताना त्याच्या आयडीवरून काढलेल्या संख्येवर पोस्टग्रेसचे ॲडव्हायझरी लॉक (कोडने स्वतः मागून घ्यायचे कुलूप) घेतले आणि बंद करताना सोडले. सूचनांचे पान व इतर काही पाने सेशन फक्त वाचतात. ती आता पीएचपी ७.० पासून असलेल्या ‘वाचून लगेच बंद’ या पर्यायाने सुरू होतात, म्हणजे त्यांच्यामुळे कुणी अडून राहणार नाही.

२४ जून

अर्ज सेशनमध्ये ऑब्जेक्ट म्हणून ठेवायचाच नाही, असे बैठकीत ठरले. माझे मत पहिल्यापासून या बाजूचे होते. ऑब्जेक्ट सेशनमध्ये ठेवता येतो, पण तो ठेवला की क्लासची प्रायव्हेट रचना, तिची नावे आणि तिचा प्रत्येक बदल हा साठवलेल्या माहितीच्या स्वरूपाचा भाग होऊन बसतो, आणि कोड लिहिणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही. विरुद्ध मत असे होते, की आता जादुई मेथड आहेत, चाचण्या आहेत, कुलूपही आहे, मग पुन्हा कशाला खणायचे. त्यात तथ्य आहे, आणि प्रणाली लहान असती तर मीही तेच म्हटले असते. पण ‘शुल्क’ आणि ‘जोडपत्रे’ असे आणखी दोन क्लास पुढच्या टप्प्यात येणार आहेत.

सेशनमध्ये यापुढे साधी ॲरे राहील: स्वरूपाचा आवृत्ती क्रमांक, अर्ज क्रमांक आणि भरलेली मूल्ये, सर्व संख्या व स्ट्रिंग. अर्जाच्या क्लासला ‘ॲरेतून घडव’ आणि ‘ॲरे दे’ अशा दोन मेथड आहेत, आणि सेशनला हात लावण्याची परवानगी फक्त समाईक फाइलीतील एका क्लासला आहे. यात एक गोष्ट गमावली: ॲरेची प्रत निघत असल्याने ऑब्जेक्टवरील बदल आता आपोआप जतन होत नाहीत, जतन करण्याची ओळ लिहावीच लागते. ती ओळ पान पाठवण्यापूर्वी, सेशन बंद करण्याच्या अगदी आधी, समाईक फाइलीतच घातली आहे, जेणेकरून प्रत्येक पानावर तिचा क्रम नव्याने ठरवावा लागू नये.

जुन्या सेशनमध्ये ऑब्जेक्ट सापडला, तर त्याची ॲरे करून घेणारा कोड तूर्त ठेवला आहे, आणि तो वापरला गेला की लॉगमध्ये एक ओळ पडते. त्या ओळी येणे थांबले, की तो कोड आणि जादुई मेथड दोन्ही काढायचे.